कातडीच्या रंगाचा व्यापार

ज्या घरात पुस्तकांचे एक फडताळ नाही, त्या घरातही आज दूरचित्रवाणीचा संच असतो. तो संध्याकाळी सुरू होतो आणि घरातील माणसे झोपेपर्यंत चालू राहतो. त्याच्या जोडीला आता हातातील मोबाईलचा पडदाही आला आहे. शाळेत गुरुजी जे शिकवितात त्याची परीक्षा होते, म्हणून मुले ते पाठ करतात आणि विसरूनही जातात. पडद्यावरील शिकवणीची परीक्षा होत नाही. ती न कळत मनात उतरते आणि तेथेच घर करून बसते. वाचकहो, कार्यक्रमांच्या मधून मधून दाखविल्या जाणाऱ्या जाहिराती आपल्या मुलाबाळांना काय शिकवीत आहेत, ह्याचा आपण कधी शांतपणे विचार केला आहे काय? साबण, मलम आणि पावडर विकण्याच्या निमित्ताने तेथे माणसांची प्रतवारी शिकविली जात आहे. गोरा तो वरचा आणि काळा तो खालचा, हा त्या शिकवणीचा पहिला धडा आहे. ज्या समाजाने जन्मावरून केलेली प्रतवारी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्या समाजाला हा धडा नवा नाही. म्हणूनच त्याविषयी स्वस्थ बसणे आम्हांला शक्य नाही.

गोरेपणाच्या मलमाची जाहिरात आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिची कथा ठरलेली असते. एक सावळी मुलगी असते. तिचे लग्न जमत नाही, किंवा तिला नोकरी मिळत नाही. ती खाली मान घालून वावरते, आईबाप सुस्कारे टाकतात. मग कोणी मैत्रीण तिच्या हाती मलमाची डबी देते. पडद्यावर एकाच चेहऱ्याच्या पाचसात छटा ओळीने उमटतात, आणि काळोख सरून उजाडावे तशी ती मुलगी गोरी होते. लगेच तिची मान वर होते, नोकरी मिळते, नवरा मिळतो, आईबापांचे डोळे आनंदाने भरून येतात. मुलीचे शिक्षण तेच, बुद्धी तीच, स्वभाव तोच. बदलला तो फक्त कातडीचा रंग! मग ह्या कथेचे तात्पर्य काय? मुलीच्या शिक्षणाला, बुद्धीला आणि स्वभावाला किंमत नाही, किंमत आहे ती कातडीला, ह्याखेरीज दुसरे कोणते तात्पर्य ह्यातून निघू शकते?

हा व्यापार कसा वाढला ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हिंदुस्थान लिव्हर ह्या कंपनीने 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आणले. त्याच सुमारास, म्हणजे १९७६ च्या आरंभी, दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी पडदा रंगीत झाला आणि कातडीच्या रंगाचा व्यापार करणाऱ्यांना हवे ते साधन मिळाले. १९९१ नंतर खाजगी वाहिन्यांचा सुळसुळाट झाला. मोठी डबी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी लहान पुड्या निघाल्या, आणि मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या कमाईतूनही गोरेपणाचा कर वसूल होऊ लागला. २००५ साली इमामी कंपनीने 'फेअर अँड हँडसम' ह्या नावाने पुरुषांसाठी निराळे मलम काढले आणि पुढे शाहरुख खानसारखा लोकप्रिय नट त्याची जाहिरात करू लागला. मुलींना जे न्यूनत्व शिकविले गेले होते ते आता मुलांनाही शिकविले जाऊ लागले. समतेचा हा प्रकार मोठा विलक्षण म्हणावा लागेल!

ह्या जाहिरातींपैकी एक विशेष गाजली. तीत गरीब घरातील बाप आपल्याला मुलगा नाही म्हणून खंत करतो. मुलगी ते ऐकते, मलम लावते, गोरी होते, हवाई सुंदरी बनते आणि बापाला सुखाचे दिवस दाखविते. मुलगी असणे ही एक उणीव आणि सावळी असणे ही दुसरी. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे मलमाची डबी! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध आवाज उठविला आणि प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत नेले. अखेर २००३ साली केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याने हस्तक्षेप केला आणि त्या मलमाच्या दोन जाहिराती बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी कंपनीने मुलींना शिष्यवृत्त्या देण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. एका हाताने मुलीचा आत्मविश्वास काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने काही मुलींना शिष्यवृत्ती द्यावयाची, ह्याला आम्ही दान म्हणू शकत नाही.

ही कल्पना केवळ आपल्याच देशातील आहे असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पेअर्स साबणाच्या जाहिरातीत एका काळ्या मुलाला टबात बसवून धूत आणि त्याचे अंग पांढरे झालेले दाखवीत. साम्राज्याच्या ऐन भरातील ती गोष्ट. काळा रंग म्हणजे मळ आणि गोरा माणूस म्हणजे तो मळ धुणारा, असा त्या चित्राचा अर्थ होता. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लोटली. साम्राज्ये गेली, पण ती कल्पना गेली नाही. २०१६ साली चीनमध्ये कपडे धुण्याच्या एका साबणाच्या जाहिरातीत एका काळ्या माणसाला धुलाईयंत्रात कोंबून गोरा चिनी तरुण बाहेर काढलेला दाखविला. जगभर टीका झाली तेव्हा ती जाहिरात मागे घेण्यात आली. त्याच वर्षी थायलंडमध्ये गोरे असले की जिंकता येते असे सांगणारी एक जाहिरात अशाच रीतीने मागे घ्यावी लागली. देश निराळे, भाषा निराळी, माल निराळा; पण काळ्या रंगाची हेटाळणी मात्र एकच. विशेष हे की चीन आणि थायलंड हे देश गोऱ्या वंशाचे नाहीत. ज्यांना युरोपीय लोकांनी कमी लेखले तेच आपल्याहून काळ्या माणसाला कमी लेखू लागले. पायरीवर उभा असलेला माणूस वरच्या पायरीचा राग गिळतो आणि खालच्या पायरीवर लाथ झाडतो. ही गोष्ट आम्हां भारतीयांना कोणी समजावून सांगावयास नको.

आता ह्या रंगाचे स्वरूप शास्त्राच्या आधारे पाहू. कातडीला रंग येतो तो मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे. हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात ह्यात. उन्हातील अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करणे हे ह्या द्रव्याचे काम आहे. जेथे ऊन प्रखर तेथे मेलॅनिन अधिक, जेथे ऊन मंद तेथे कमी, असा हा निसर्गाचा हिशेब आहे. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावरील सावळेपणा हे निसर्गाने दिलेले चिलखत आहे. त्याला रोग ठरविणे आणि मग त्या रोगावर औषध विकणे, हा ह्या व्यापाराचा सारा डाव आहे.

आणि हे औषध तरी निरुपद्रवी आहे काय? मोठ्या कंपन्यांची मलमे सोडली तरी त्यांनी निर्माण केलेल्या हव्यासावर दुसराच एक बाजार पोसला गेला आहे. खेड्यापाड्यांतील दुकानांत नावगाव नसलेल्या डब्या मिळतात. त्यांपैकी काहींत पारा आढळला आहे. पारा मेलॅनिनची निर्मिती थांबवितो हे खरे, पण तो कातडीतून शरीरात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. केरळातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ ह्या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ रुग्णांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ती आरंभी चेहरा उजळ करतात आणि पुढे कातडी पातळ करून चेहऱ्यावर पुरळ, लाली आणि लव उठवितात. त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार मागणी केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. नियम झाला, पण औषधाच्या दुकानात नुसते नाव सांगून ती आजही मागितली जातात. गोरेपणाच्या मोहापायी आमच्या भगिनींनी आपला चेहरा आणि आपली मूत्रपिंडे गहाण टाकावीत, ह्याहून मोठी फसवणूक कोणती?

कोणी म्हणेल, रंगाचा आणि जातीचा काय संबंध? ह्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथेच पुष्कळांची गफलत होते. संबंध आहे तो समजुतीत; वस्तुस्थितीत तो नाही. उच्च जातीचा तो गोरा आणि खालच्या जातीचा तो काळा, ही समजूत आपल्या देशात खोल रुजलेली आहे. वर्ण ह्या शब्दाचाच मूळ अर्थ रंग असा आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले ह्यांनी ह्या समजुतीला शास्त्राचा पोशाख चढविला. लोकांच्या नाकांची मापे घेऊन त्यांनी असा सिद्धांत मांडला की नाक जितके रुंद तितकी जात खालची. जात म्हणजे वंश आणि अस्पृश्य म्हणजे निराळ्या, हीन वंशाचे लोक, असा निष्कर्ष त्यावरून काढणारे पुष्कळ निघाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ह्या मताचे पुराव्यानिशी खंडन केले. १९१६ सालच्या जातिसंस्थेवरील निबंधापासूनच त्यांनी जातीचे मूळ वंशात शोधण्यास नकार दिला होता. १९३६ साली त्यांनी दाखवून दिले की पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार हे एकाच वंशाचे आहेत, आणि मद्रासेकडील ब्राह्मण व तेथील अस्पृश्य हेही एकाच वंशाचे आहेत. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचीच आकडेवारी हाती घेतली आणि तिच्याच आधारे वंशभेदाचा सिद्धांत मोडीत काढला. प्रतिपक्षाच्या हातातील शस्त्राने प्रतिपक्षाचा पराभव करावा तो असा! अलीकडच्या जनुकशास्त्रानेही असेच दाखविले आहे की कातडीचा रंग उजळ करणारा एक प्रमुख जनुकभेद भारतात निरनिराळ्या प्रांतांत आणि समाजांत कमीअधिक प्रमाणात विखुरलेला आहे. एकाच आईच्या दोन लेकरांत एक गोरे आणि एक सावळे जन्मते, हे आपण आपल्याच घरात पाहतो. मग रंगावरून जात, आणि जातीवरून योग्यता ठरविणाऱ्याला शास्त्राचा आधार कोठून मिळणार?

ह्याहून कितीतरी पूर्वी तथागतांनी हाच प्रश्न निकालात काढला होता. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण माणूस जन्माने श्रेष्ठ ठरतो की कर्माने, असा वाद घेऊन भगवान बुद्धांकडे येतात. तेव्हा बुद्ध सांगतात की गवत, झाडे, कीटक, पशू, पक्षी ह्यांच्यात जातीजातीची निराळी शरीरलक्षणे दिसतात, पण माणसांत तशी ती दिसत नाहीत. केसांत नाहीत, डोळ्यांत नाहीत, नाकात नाहीत, रंगात नाहीत आणि आवाजातही नाहीत. माणसामाणसांतील भेद हा केवळ नावाचा, व्यवहाराचा भेद आहे. रिस्ले ह्यांनी नाके मोजली त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी हे उत्तर देऊन झाले होते. मापपट्टी घेऊन जो शोधावयास निघाला त्याला ते सापडले नाही, आणि जो विवेक घेऊन बसला त्याला ते आधीच दिसले होते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान ह्या कारणांवरून राज्याने भेदभाव करू नये असे म्हटले आहे. त्यात रंगाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि वंशभेद नष्ट करण्यासंबंधीचा जो आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली संमत केला आणि ज्यावर भारताने १९६८ साली शिक्कामोर्तब केले, त्याच्या पहिल्याच कलमात वंश, रंग आणि कुळ ह्यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध मानला आहे. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांपैकी सातवा नियम तर अगदी स्पष्ट आहे. कोणत्याही वंशाची, जातीची, रंगाची, पंथाची वा राष्ट्राची हेटाळणी करणारी जाहिरात दाखविता येणार नाही, असे तो सांगतो. जाहिरातदारांची स्वतःची एक संस्था आहे, तिचे नाव ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. १९८५ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने २०१४ साली गोरेपणाच्या मालाबद्दल नियम केले. काळ्या रंगाचा माणूस दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नये. आणि कातडीच्या रंगाचा संबंध कोणत्याही आर्थिक थराशी, जातीशी, जमातीशी, धर्माशी वा व्यवसायाशी जोडू नये, असे त्या नियमांत म्हटले आहे. जाहिरातदारांच्याच संस्थेला आपल्या नियमांत जात हा शब्द घालावा लागला, ह्यावरून रोग कोठपर्यंत पोचला होता ते ध्यानात येईल.

मग नियम असूनही जाहिराती चालल्या कशा? कारण नियम मोडणाऱ्याला त्याची झळ लागली नाही. जाहिरात काही आठवडे चालावयाची असते. तक्रार होऊन, चौकशी होऊन, निर्णय होईपर्यंत जाहिरातीचे काम झालेले असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ह्यात काही सुधारणा केली. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण आता पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील वेळी ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत झळकणाऱ्या नामांकित व्यक्तीलाही दंड होऊ शकतो आणि एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात कातडी गोरी करण्याचा दावाही निषिद्ध दाव्यांच्या यादीत घातला होता. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे. दिल्लीतील एका ग्राहकाने २०१३ साली पुरुषांच्या गोरेपणाच्या मलमाबद्दल तक्रार केली. मलम वापरूनही आपण गोरे झालो नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. जिल्हा ग्राहक आयोगाने कंपनीची जाहिरात फसवी ठरवून सुमारे साडेचौदा लाख रुपयांचा भुर्दंड बसविला, तो २०२४ च्या डिसेंबरात. ७९ रुपयांच्या डबीचा न्याय जिल्हा पातळीवर मिळावयास अकरा वर्षे लागली!

२०२० साली एक मोठा बदल झाल्याचा गाजावाजा झाला. त्या वर्षी २५ मे रोजी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय इसमाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि साऱ्या जगात संतापाची लाट उसळली. अनेक कंपन्यांना एकाएकी आपल्या मालाच्या नावांची लाज वाटू लागली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने आपली गोरेपणाची मलमे बंद केली. हिंदुस्थान युनिलिव्हरने जून महिन्यात 'फेअर' हा शब्द गाळण्याचे जाहीर केले आणि जुलैमध्ये मलमाला 'ग्लो अँड लव्हली' असे नवे नाव दिले. विवाह जुळविणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. हे सर्व झाले ते चांगलेच झाले. परंतु आम्ही विचारतो, ह्या देशातील स्त्रियांनी आणि चळवळींनी दोन दशके जे सांगितले ते ह्या कंपन्यांच्या कानावर गेले नव्हते काय? २००९ साली चेन्नईत काळेपणाही सुंदर आहे असे सांगणारी मोहीम सुरू झाली होती, आणि २०१३ साली नंदिता दास ह्यांच्यासारख्या अभिनेत्रीने तिला उघड पाठिंबा दिला होता. तेव्हा जे ऐकू आले नाही ते अमेरिकेतील बाजार बिघडू लागताच ऐकू आले. शिवाय नाव बदलताच पुरुषांच्या मलमाच्या नव्या नावाची मालकी कोणाची, ह्यावरून दोन कंपन्या लगोलग कोर्टात भांडू लागल्या. पश्चात्ताप झालेला माणूस नव्या नावाच्या मालकीसाठी भांडत नसतो.

नाव बदलले म्हणून आशय बदलतो असे नाही. गोरेपणा ह्या शब्दाच्या जागी उजळपणा, तेज, निखार असे शब्द आले. पण पडद्यावरील चेहरा तोच राहिला. आणि प्रश्न केवळ मलमाचा नाही. विम्याच्या, मोटारीच्या, घरांच्या, बँकेच्या, दागिन्यांच्या जाहिराती पाहा. सुखी कुटुंब म्हणून जे दाखविले जाते त्यात बाप गोरा, आई गोरी, मुले गोरी. हे कुटुंब कोणत्या देशातील आहे असा प्रश्न पडावा! सावळा माणूस दिसलाच तर तो पहारेकरी, हमाल, भांडी घासणारी बाई, किंवा हास्यास्पद ठरलेला दाक्षिणात्य म्हणून दिसतो. ईशान्येकडील माणसाचा चेहरा तर जवळजवळ दिसतच नाही, आणि मग दिल्लीच्या रस्त्यावर त्यांना परदेशी समजून शिव्या दिल्या जातात ह्याचे आपण आश्चर्य करतो. ज्याला पडद्यावर स्थान नाही त्याला मनात स्थान मिळत नाही. ह्या देशातील बहुसंख्य माणसे ज्या रंगाची आहेत तो रंग त्यांच्याच देशाच्या पडद्यावर परका ठरावा, ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नाही.

जाहिरातदारांचे एक ठरलेले उत्तर असते, की लोकांना गोरेपणा हवा आहे म्हणून आम्ही तो विकतो. आम्ही आवड निर्माण करीत नाही. हे उत्तर वरवर बिनतोड वाटते, पण ते टिकणारे नाही. आवड आधीपासून होती हे आम्ही नाकारीत नाही. पण आवड आपोआप टिकणारी असती तर तिच्यावर दरसाल कोट्यवधी रुपये खर्च करण्याची गरज काय होती? जो पैसा खर्च होतो तो त्या आवडीला खतपाणी घालण्यासाठीच होतो. शिवाय लोकांच्या मनात विषमता होती म्हणून ती विकण्याचा परवाना मिळत नाही. अस्पृश्यताही लोकांच्या मनात होती. म्हणून संविधानाने ती चालू ठेवली नाही, १७ व्या अनुच्छेदाने ती नष्ट केली. दुसरे असे म्हटले जाते की कोणी काय लावावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. अगदी बरोबर. कोणी आपल्या चेहऱ्याला काय लावावे हे आम्ही सांगत नाही. पण ज्या मुलीला लहानपणापासून तू जशी आहेस तशी पुरेशी नाहीस असे रोज सांगितले गेले, तिची निवड स्वतंत्र होती असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

येथवर आम्ही कंपन्यांबद्दल लिहिले. आता आपल्याबद्दल लिहिणे भाग आहे, आणि ते अधिक कठीण आहे. १९५६ साली नागपूरच्या भूमीवर आपण ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्यांत सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. जातीचा जू आपण मानेवरून उतरविला. पण आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या वह्या उघडून पाहा. 'बौद्ध, पदवीधर, गोरी' असा मजकूर त्यांत दिसतो की नाही? मेळाव्यात व्यासपीठावर सावळी मुलगी येऊन उभी राहते आणि आपले शिक्षण सांगू लागते, तेव्हा समोरची माणसे तिचे शिक्षण ऐकतात की तिचा रंग पाहतात? बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या बाईला, मूल कसे आहे ह्याऐवजी रंगाने कोणावर गेले आहे, असे आपण विचारतो की नाही? घरातल्या घरात मुलीला काळी म्हणून हाक मारणे ही माया आहे असे आपण समजतो. पण ती हाक ऐकणाऱ्या मुलीला काय वाटते हे कोणी विचारले आहे काय? ज्याने मनूची प्रतवारी टाकून दिली त्याने मलमाच्या डबीवरील प्रतवारी डोक्यावर घ्यावी, ह्यात धम्म कोठे राहिला?

हे लिहिण्यात आमचा हेतू कोणाला लाजविण्याचा नाही. ज्या मुलीला रंगावरून तीनदा नकार आला तिचा बाप डबी विकत घेतो, तो अज्ञानाने नव्हे, तर काळजीने. त्याची काळजी खरी आहे. परंतु ह्या काळजीवर उपाय दुकानात नाही, तो आपल्या चारचौघांच्या वागण्यात आहे. नकार देणारे आपणच आहोत, म्हणून नकार बंद करणेही आपल्याच हाती आहे.

तेव्हा काय करावे? पहिली गोष्ट, आपल्या वधूवर मंडळांनी आपल्या अर्जांतून रंगाचा रकाना काढून टाकावा आणि रंगाची अट असलेला मजकूर छापण्यास वा वाचण्यास नकार द्यावा. ह्याला सरकारची परवानगी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दुसरी गोष्ट, रंगाची वा वंशाची हेटाळणी करणारी जाहिरात दिसताच तिची वाहिनी, तारीख, वेळ आणि मालाचे नाव लिहून ठेवावे आणि लेखी तक्रार करावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशी तक्रार प्रथम त्या वाहिनीकडे करावयाची असते आणि वाहिनीने ती १५ दिवसांत निकालात काढावयाची असते. जाहिरातदारांच्या कौन्सिलकडेही तक्रार करता येते. फसव्या दाव्याबद्दलची तक्रार २०१९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. मुंबई वा दिल्ली गाठण्याची गरज नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे. एकट्याने केलेली तक्रार दुर्लक्षिली जाते. महिला मंडळाने, युवक मंडळाने, विहाराच्या समितीने शंभर सह्यांनिशी केलेली तक्रार दुर्लक्षिता येत नाही. तिसरी गोष्ट, नावगाव नसलेले मलम कोणीही वापरू नये आणि स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांना विचारल्यावाचून चेहऱ्याला लावू नये. ज्यांनी वापरले आहे त्यांनी संकोच न करता सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावे.

आणि चौथी गोष्ट घरातली. पडद्यावर अशी जाहिरात आली की मूल शेजारी बसलेले असते. त्या वेळी गप्प बसू नका. हे खोटे आहे, आणि ते का खोटे आहे, हे त्याला दोन वाक्यांत सांगा. मेलॅनिन म्हणजे काय ते सांगा, वासेट्ठ सुत्तात काय आहे ते सांगा, बाबासाहेबांनी नाकांच्या मापांचे काय केले ते सांगा. जाहिरात तीस सेकंदांची असते. तिला उत्तर द्यावयास आईबापांना एक मिनिट पुरते. ते एक मिनिट रोज दिले गेले तर आपली सावळी मुलगी शाळेच्या व्यासपीठावर, मुलाखतीच्या खोलीत आणि लग्नाच्या बोलणीत मान वर करून बसेल. तिची मान ताठ राहावी ही जबाबदारी कोणत्याही कंपनीची नाही, ती आपली आहे.